ग्रंथालय व माहितीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण, तौलनिक

ग्रंथपाल व माहितीतज्ञ यांना विद्यापीठीय पदवीनंतर दिल्या जाणाऱ्या व्यावसायिक शिक्षणाच्या निरनिराळ्या देशांतील पद्धतींचा तुलनेने केलेला अभ्यास. ग्रंथांची निवड, उपार्जन, वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, प्रलेखन, ग्रंथालयाचे प्रशासन आणि अलीकडच्या काळात संगणकाधारित माहितीची साठवण व पुनःप्राप्ती हे विषय जगातील बहुतेक देशांत शिकविले जातात. परंतु ते कोणाला, किती काळ, कोठे आणि कोणाच्या अधिकाराने शिकवावयाचे, याविषयी देशोदेशी मोठी भिन्नता आढळते. एका देशात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ही व्यवसायात पहिले पाऊल टाकण्याची अट असते, तर दुसऱ्या देशात पदवीपूर्व शिक्षण पुरेसे मानले जाते. तिसऱ्या देशात विद्यापीठापेक्षा शासकीय सेवापरीक्षेला अधिक महत्त्व असते. या भिन्नतेमागे त्या त्या देशाची शिक्षणपरंपरा, शासनव्यवस्था आणि ग्रंथालयांविषयीची सामाजिक कल्पना असते. ग्रंथपाल हा ग्रंथांचा रक्षक, विद्वानांचा सहायक, की सर्वसामान्य वाचकाचा मार्गदर्शक, या प्रश्नाला समाजाने दिलेल्या उत्तरावर त्याच्या शिक्षणाचे स्वरूप अवलंबून राहते.

उद्गम : एकोणिसाव्या शतकापर्यंत ग्रंथपालाचे काम हे अनुभवाने व ज्येष्ठांच्या हाताखाली शिकावयाचे काम समजले जाई. ग्रंथसंग्रहाच्या व्यवस्थेला स्वतंत्र शास्त्र मानून त्यास ‘ग्रंथालयशास्त्र’ हे नाव देण्याचा मान म्यूनिक येथील ग्रंथपाल मार्टिन श्रेटिंगर (१७७२–१८५१) यांच्याकडे जातो. त्यांच्या पाठ्यग्रंथाचा पहिला भाग १८०८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवस्था ग्रंथपालाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असू नये, ती कोणाही प्रशिक्षित व्यक्तीला चालविता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. फ्रान्समध्ये १८२१ साली पॅरिस येथे ‘एकोल दे शार्त’ ही संस्था स्थापन झाली. तिचा मुख्य विषय जुने दस्तऐवज व हस्तलिखिते यांचा अभ्यास हा असला, तरी तेथून बाहेर पडलेल्या विद्वानांनीच पुढे फ्रान्समधील मोठ्या ग्रंथालयांची धुरा वाहिली. जर्मनीत गटिंगेन विद्यापीठात १८८६ मध्ये कार्ल जाट्‌स्को (१८४२–१९०३) यांची ग्रंथालयविषयक शास्त्रांचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. विद्यापीठातील या विषयाचे हे पहिले अध्यासन होय.

यानंतर एका वर्षाच्या आतच, ५ जानेवारी १८८७ रोजी, न्यूयॉर्क येथील कोलंबिया महाविद्यालयात मेल्व्हिल ड्यूई (१८५१–१९३१) यांनी ग्रंथालयव्यवस्थेचे विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी असून त्यांपैकी सतरा स्त्रिया होत्या. स्त्रियांना प्रवेश देण्यास महाविद्यालयाच्या विश्वस्तांचा विरोध होता. या व अन्य मतभेदांमुळे ड्यूई यांनी कोलंबिया सोडले आणि १८८९ मध्ये विद्यालयही त्यांच्यामागोमाग ऑल्बनी येथील राज्य ग्रंथालयात गेले. जर्मन अध्यासन आणि अमेरिकन विद्यालय यांत आरंभीच दोन भिन्न दृष्टी दिसून येतात. गटिंगेन येथे ग्रंथेतिहास, पुराभिलेख व ग्रंथसूची यांत पारंगत असा विद्वान घडविण्यावर भर होता. ड्यूई यांच्या विद्यालयात दैनंदिन कामात निपुण व वाचकसेवेस तत्पर असा कार्यकर्ता घडविण्यावर भर होता. पुढील शतकभर जगातील ग्रंथालय शिक्षण या दोन टोकांमध्येच हेलकावत राहिले.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा : अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक ग्रंथालय विद्यालये निघाली, परंतु त्यांतील पुष्कळशी सार्वजनिक ग्रंथालयांना जोडलेली असून त्यांचा दर्जा सारखा नव्हता. कार्नेगी निधीच्या साहाय्याने चार्ल्स सी. विल्यमसन (१८७७–१९६५) यांनी अशा पंधरा विद्यालयांची पाहणी केली. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने या शिक्षणाची दिशा बदलली. ग्रंथालयातील व्यावसायिक काम आणि कारकुनी काम यांची फारकत करावी, व्यावसायिक शिक्षण विद्यापीठातच द्यावे, त्यासाठी पदवी ही प्रवेशाची अट असावी आणि विद्यालयांची बाह्य तपासणी व्हावी, या त्यांच्या मुख्य शिफारशी होत्या. पाठोपाठ १९२४ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाने (स्थापना १८७६) ग्रंथालय शिक्षणासाठी मंडळ नेमले व विद्यालयांना अधिमान्यता देण्याची पद्धत सुरू केली. ड्यूई यांचे विद्यालय १९२६ मध्ये पुन्हा कोलंबिया विद्यापीठात आले. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठातील पदव्युत्तर ग्रंथालय विद्यालयाची स्थापना झाली. केवळ तंत्र न शिकविता वाचन, वाचक व ग्रंथालय यांचे समाजशास्त्रीय संशोधन करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. या विषयातील डॉक्टरेट पदवीचा पहिला अभ्यासक्रम तेथेच सुरू झाला. पीअर्स बटलर यांचा ग्रंथालयशास्त्राची मूलतत्त्वे मांडणारा ग्रंथ (१९३३) ही याच विद्यालयाची देणगी होय.

अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९५१ च्या मानकांनुसार चार वर्षांच्या पदवीनंतरची ‘मास्टर’ ही व्यवसायातील पहिली पदवी ठरली. अधिमान्यता केवळ याच पातळीवरील अभ्यासक्रमांना दिली जाते. पदवीपूर्व वा डॉक्टरेट अभ्यासक्रमांना ती नसते. विद्यार्थी कोणत्याही विषयाचा पदवीधर असू शकतो, आणि हे विषयवैविध्य दोष न मानता व्यवसायाची संपत्ती मानले जाते. अमेरिकेत पूर्णवेळ विद्यार्थी ही पदवी साधारणतः एक ते दोन वर्षांत मिळवितो. कॅनडातील अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचे असून त्यांनाही अमेरिकन संघाचीच अधिमान्यता घ्यावी लागते. एका देशातील व्यावसायिक संघाने शेजारच्या स्वतंत्र देशातील शिक्षणाचा दर्जा ठरवावा, हे उदाहरण विरळ आहे. त्यामुळे या दोन देशांत ग्रंथपालांना एकमेकांकडे काम करणे सुलभ झाले.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविण्यासारखी आहे. वंशभेदाच्या काळात दक्षिणेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्या भागातील बहुतेक विद्यालयांची दारे बंद होती. त्यांच्यासाठी व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे १९२५ मध्ये काढलेले विद्यालय १९३९ मध्ये बंद पडले. नंतर १९४१ मध्ये अटलांटा विद्यापीठात निघालेल्या विद्यालयाने ती उणीव भरून काढली. तेही २००५ मध्ये बंद झाले. दर्जा उंचावण्यासाठी शिक्षण विद्यापीठात नेले, की ते ज्यांना विद्यापीठाचे दार बंद आहे त्यांच्यापासून दूर जाते, हा धडा अन्य देशांनाही लागू पडतो. तसेच विद्यापीठाच्या आश्रयास गेलेले विद्यालय विद्यापीठाच्या मर्जीवर जगते. शिकागोचे विद्यालय १९८९ च्या सुमारास आणि कोलंबियाचे १९९२ मध्ये बंद करण्यात आले. अमेरिकेतील पहिले विद्यालय आणि पहिले संशोधनप्रधान विद्यालय ही दोन्ही अशा रीतीने इतिहासजमा झाली.

ब्रिटन : ब्रिटनमध्ये शिक्षणाची सूत्रे दीर्घकाळ विद्यापीठांच्या नव्हे, तर व्यावसायिक संघाच्या हाती होती. ग्रंथालय संघाची स्थापना १८७७ मध्ये, त्याची पहिली परीक्षा १८८५ मध्ये झाली आणि १८९८ मध्ये त्यास राजसनद मिळाली. ग्रंथालयात नोकरी करीत, सायंकाळी अथवा टपालाने अभ्यास करून परीक्षा द्यावयाची व सनदी ग्रंथपाल व्हावयाचे, हा तेथील रूढ मार्ग होता. शिकविणारा एक व परीक्षा घेणारा दुसरा, असे याचे स्वरूप असल्याने अभ्यासक्रम परीक्षेभोवती फिरत राहिला. मात्र गरीब घरातील होतकरू तरुणास विद्यापीठात न जाताही व्यवसायात वर चढण्याची संधी या मार्गाने मिळाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील विद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले व दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते या प्रकारचे देशातील एकमेव पूर्णवेळ विद्यालय होते. महायुद्धानंतर १९४६ पासून तांत्रिक महाविद्यालयांत ग्रंथालय विद्यालये निघाली. शेफील्ड विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यालय व ॲबरिस्टविथ येथील वेल्श महाविद्यालय ही दोन्ही १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी खुली झाली. त्यानंतर संघाच्या स्वतःच्या परीक्षा क्रमाने मागे पडून विद्यापीठीय पदव्यांनी त्यांची जागा घेतली.

आज तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी एका वर्षाचा असून त्याच्या अखेरीस प्रबंधिका सादर करावी लागते. ग्रंथालय संघ व माहितीशास्त्रज्ञांची संस्था (स्थापना १९५८) यांच्या विलीनीकरणातून २००२ मध्ये निर्माण झालेली संस्था या अभ्यासक्रमांना अधिमान्यता देते. तथापि केवळ पदवीने ग्रंथपाल ‘सनदी’ होत नाही. नोकरीतील अनुभव व स्वतःच्या प्रगतीचा लेखी पुरावा सादर केल्यानंतरच सनद मिळते. अमेरिकेत अधिमान्यता अभ्यासक्रमाला मिळते; ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम आणि व्यक्ती अशा दोहोंची पारख होते. ब्रिटिश पद्धतीचा हा विशेष ऑस्ट्रेलिया व आफ्रिकेतील इंग्रजीभाषक देशांतही काही काळ दिसून आला.

जर्मनी व फ्रान्स : या दोन देशांत ग्रंथपाल हा मुख्यतः शासकीय सेवक असल्याने शिक्षणाची रचना सेवाश्रेणींशी जुळलेली आहे. जर्मनीत प्रशियाने १८९३ मध्ये विद्वत् ग्रंथालयांतील उच्च श्रेणीसाठी पात्रतेचे नियम केले. एखाद्या विषयात विद्यापीठीय पदवी, पुष्कळदा डॉक्टरेट, मिळविलेल्या उमेदवाराने दोन वर्षांची शासकीय उमेदवारी करावयाची, त्यातील एक भाग ग्रंथालयात प्रत्यक्ष कामाचा व दुसरा सैद्धांतिक शिक्षणाचा, आणि शेवटी राज्य परीक्षा द्यावयाची, ही परंपरा त्यातून रूढ झाली. मधल्या श्रेणीसाठी उपयोजित विज्ञानांच्या उच्च विद्यालयांतील पदवी आणि खालच्या श्रेणीसाठी तीन वर्षांची व्यावसायिक उमेदवारी अशी उतरंड आहे. बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठातील अभ्यासक्रम व इतरत्रचे मास्टर अभ्यासक्रम यांमुळे या उतरंडीत अलीकडे लवचिकपणा आला आहे. फ्रान्समध्ये १९६३ साली स्थापन झालेले राष्ट्रीय ग्रंथालय विद्यालय १९७४ मध्ये लिआँनजीक व्हिलरबान येथे हलविण्यात आले व १९९२ मध्ये त्याची माहितीशास्त्र व ग्रंथालय यांचे राष्ट्रीय उच्च विद्यालय म्हणून पुनर्रचना झाली. उच्च श्रेणीच्या ग्रंथपालाची निवड तेथे आधी स्पर्धापरीक्षेने होते. निवड झालेला उमेदवार वेतन घेत अठरा महिने प्रशिक्षण घेतो. अमेरिकेत पदवी आधी व नोकरी नंतर, फ्रान्समध्ये निवड आधी व शिक्षण नंतर, असा हा क्रमभेद आहे. फ्रेंच पद्धतीत बेकार पदवीधर जवळजवळ निर्माण होत नाहीत. परंतु एका परीक्षेतील यशावर साऱ्या आयुष्याची श्रेणी ठरते, ही तिची उणीव होय.

अन्य यूरोपीय व लॅटिन अमेरिकन देश : रशियात मॉस्को येथे ल्युबोव्ह हाव्‌किना यांच्या प्रेरणेने १९१३ मध्ये ग्रंथालय वर्ग सुरू झाले, सोव्हिएट काळात १९३० मध्ये मॉस्को ग्रंथालय संस्था निघाली. तेथे माध्यमिक शिक्षणानंतरचा दीर्घ मुदतीचा उच्च अभ्यासक्रम हाच मुख्य राहिला आणि ग्रंथपाल हा लोकशिक्षणाचा व प्रचाराचा वाहक मानला गेला. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथील राजकीय ग्रंथालय विद्यालय १९५६ मध्ये कायद्याने स्थापन झाले. ब्राझीलमध्ये रीओ दे जानेरो येथील राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१५ मध्ये वर्ग सुरू केले आणि १९६२ च्या कायद्याने ग्रंथपालाचा व्यवसाय या विषयाच्या पदवीधरांपुरता राखून ठेवला. वैद्यक वा वकिली यांप्रमाणे ग्रंथपालास कायद्याचे असे संरक्षण देणारे देश थोडे आहेत.

जपान, चीन व आफ्रिका : जपानमध्ये १९५० च्या ग्रंथालय कायद्याने ग्रंथपालाची अर्हता निश्चित केली. विद्यापीठात अथवा कनिष्ठ महाविद्यालयात ठराविक श्रेयांक मिळविले की ती प्राप्त होते. २०१२ पासून हे श्रेयांक चोवीस आहेत. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या साहाय्याने १९५१ मध्ये केओ विद्यापीठात रॉबर्ट गिटलर यांच्या नेतृत्वाखाली जपान ग्रंथालय विद्यालय सुरू झाले. तेथे १९६७ मध्ये मास्टर व १९७५ मध्ये डॉक्टरेट अभ्यासक्रम आला. तथापि अर्हता पदवीपूर्व पातळीवरच मिळत असल्याने पदव्युत्तर शिक्षण हे मुख्यतः संशोधक व अध्यापक यांच्यापुरते राहिले. नगरपालिकांच्या सेवेत कर्मचाऱ्यांची एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली होण्याची प्रथाही व्यावसायिक शिक्षणाला पोषक ठरली नाही. अमेरिकन बीज जपानी भूमीत पेरले गेले. पण सेवेचे नियम न बदलल्याने त्याची वाढ वेगळ्या रीतीने झाली.

चीनमध्ये मेरी एलिझाबेथ वुड (१८६१–१९३१) यांनी वूचांग येथे १९२० मध्ये बून ग्रंथालय विद्यालय स्थापिले. १९५३ मध्ये ते वूहान विद्यापीठात विलीन झाले आणि आज ते माहिती व्यवस्थापनाचे एक अग्रगण्य विद्यालय आहे. चीनमध्ये पदवीपूर्व, मास्टर व डॉक्टरेट अशी तिन्ही पातळ्यांवरील शिक्षणाची साखळी असून संशोधनपर मास्टर पदवीच्या जोडीला व्यावसायिक मास्टर पदवीही सुरू करण्यात आली आहे. २०२२ मध्ये तेथील शासकीय विषयसूचीत या ज्ञानशाखेचे नाव ‘माहितीसाधन व्यवस्थापन’ असे करण्यात आले. आफ्रिकेत ईबादान (नायजेरिया) व मॅकरेरे (युगांडा) येथील विद्यालये १९६० च्या सुमारास, म्हणजे स्वातंत्र्याच्या पहाटेस निघाली. ब्रिटिश परीक्षापद्धती की अमेरिकन पदवीपद्धती हा तेथील वादाचा पहिला विषय होता. मौखिक परंपरेच्या व अनेक भाषांच्या समाजाला उपयुक्त ठरेल असा अभ्यासक्रम कोणता, हा त्याहून खोल प्रश्न होता.

भारत : भारतातील ग्रंथालय शिक्षणाचा आरंभ बडोदे संस्थानात झाला. महाराज सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन (१८५३–१९३१) यांना पाचारण केले. १९१० मध्ये ते आले व पुढील वर्षी त्यांनी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. १९१२ पासून बडोद्याहून निघालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतील मजकूर देत असे. ग्रंथालयविषयक ज्ञान मराठीतून देण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना करावी लागते. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी १९१५ मध्ये वर्ग चालविला. हे दोघेही ड्यूई यांच्या परंपरेतील होते. त्यामुळे विद्यापीठीय शिक्षणाचा अमेरिकन विचार भारतात ब्रिटनच्याही आधी रुजला, असे म्हणता येते.

या बीजाला स्वतंत्र रूप दिले ते शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून नियुक्ती झाल्यावर ते १९२४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकण्यास गेले. तेथे वर्गीकरण शिकविणारे बर्विक सेअर्स (१८८१–१९६०) यांचे त्यांना मार्गदर्शन लाभले. मद्रास ग्रंथालय संघाचा १९२९ चा उन्हाळी वर्ग, १९३१ मध्ये तो मद्रास विद्यापीठाकडे जाणे व १९३७ मध्ये त्याचे एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेत रूपांतर होणे, हे पुढील टप्पे होत. आंध्र, बनारस, मुंबई, कलकत्ता इ. विद्यापीठांतही पदविका सुरू झाल्या. दिल्ली विद्यापीठात रंगनाथन यांच्या उपस्थितीत १९४० च्या दशकाच्या अखेरीस मास्टर पदवी व संशोधन यांची सोय झाली. तेथेच १९५७ मध्ये देशातील या विषयाची पहिली डॉक्टरेट देण्यात आली. बंगलोर येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राने उच्च शिक्षणाला संशोधनाची जोड दिली.

येथे ज्ञानाचा ओघ एकतर्फी राहिला नाही. रंगनाथन यांचे द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) व विषयाची व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल व काल या पाच मूलभूत कोटींत फोड करण्याची त्यांची रीत यांचा लंडन येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटावर खोल परिणाम झाला. जेथे ते शिकले, तेथील अभ्यासक्रमात त्यांचे विचार पाठ्यविषय झाले.

भारतीय पद्धतीचा मुख्य विशेष म्हणजे पदवीनंतरची पायरी दोन टप्प्यांत विभागलेली असणे. कोणत्याही विषयाच्या पदवीधरास एक वर्षाची ‘ग्रंथालय व माहितीशास्त्र स्नातक’ आणि तीनंतर एक वर्षाची ‘निष्णात’ पदवी घ्यावी लागते. काही विद्यापीठांत दोन्हींचा मिळून दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असतो. नावाने पहिली पदवी स्नातक असली, तरी ती पदवीनंतरची आहे. त्यामुळे परदेशातील मूल्यमापकांचा गोंधळ होतो व विद्यार्थ्याचे एक वर्ष पुष्कळदा हिशेबातून गळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या समित्यांनी, विशेषतः १९९० च्या दशकाच्या आरंभी प. ना. कौला यांच्या अध्यक्षतेखालील व २००१ मधील करिसिद्दप्पा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, नमुना अभ्यासक्रम दिले. परंतु या विषयाच्या अभ्यासक्रमांना स्वतंत्रपणे अधिमान्यता देणारी व्यावसायिक संस्था भारतात नाही. संस्थेचे मूल्यांकन होते. विषयविभागात अध्यापक किती, संगणक कक्ष व तालिकीकरणाच्या सरावाची साधने आहेत की नाहीत, हे पाहणारा व्यवसायाचा डोळा नसतो. विद्यापीठ व महाविद्यालय ग्रंथपालांच्या निवडीत राष्ट्रीय पात्रता परीक्षेला आलेले महत्त्व हे काही अंशी या उणिवेचेच फलित होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पदवीच्या वर्षांची फेररचना सुरू झाल्याने दोन टप्प्यांच्या या पद्धतीचाही नव्याने विचार करावा लागत आहे.

महाराष्ट्रातील परिस्थितीवरून या शिक्षणातील एक मूलभूत विसंगती लक्षात येते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला होता. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. या कायद्यान्वये अनुदान घेणाऱ्या हजारो ग्रंथालयांपैकी गावपातळीवरील ग्रंथालयांचा गाडा बहुधा अल्पमुदतीच्या प्रमाणपत्र वर्गात शिकलेले ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर हाकतात. याउलट विद्यापीठांतून निघणाऱ्या निष्णात पदवीधरांची दृष्टी महाविद्यालये व संशोधनसंस्था यांकडे असते. एकीकडे पदवीधर नोकरीच्या शोधात व दुसरीकडे खेड्यातील वाचक प्रशिक्षित मार्गदर्शकाविना, असे हे चित्र आहे. विल्यमसन यांच्या अहवालाने व्यावसायिक व कारकुनी कामांत रेषा आखली. खेड्यातील एकहाती ग्रंथालयात मात्र ग्रंथनिवड, नोंदणी, देवघेव व झाडलोट ही सर्व कामे एकाच व्यक्तीकडे असतात. तेथे ही रेषा पुसून जाते आणि शिक्षणाची दुसरी एखादी पायरी लागते. डेन्मार्कमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांसाठी प्रशिक्षित मनुष्यबळाची तरतूद कायद्यानेच केली गेली. आपल्याकडे कायदा व शिक्षण यांचा मेळ तितकासा बसलेला नाही.

अभ्यासक्रमातील साम्यभेद : वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, संग्रहविकास व व्यवस्थापन हा गाभा सर्वत्र समान आहे. भेद आहे तो साधनांत व भरात. अमेरिकन विद्यार्थी ड्यूई दशांश व अमेरिकन काँग्रेस ग्रंथालयाची पद्धती, जपानी विद्यार्थी निप्पॉन दशांश पद्धती, चिनी विद्यार्थी १९७५ ची चिनी ग्रंथालय वर्गीकरण पद्धती शिकतो. भारतीय विद्यार्थी दशांश व द्विबिंदू अशा दोन्ही शिकतो. वर्गीकरण पद्धती हे केवळ तंत्र नसून ज्ञानाकडे पाहण्याची ती एक चौकट असते. ड्यूईच्या धर्मविषयक २०० ते २९९ या मुख्य वर्गातील बहुतांश जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली असून हिंदू धर्मास २९४.५ या दशांशोत्तर स्थानी बसावे लागते; मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ असा पाच अंकी होतो. ज्या ग्रंथालयात निम्मे ग्रंथ मराठी आहेत, तेथे हा क्रमांक प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर वागवावा लागतो. दोन पद्धती तौलनिक दृष्टीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ही मर्यादा दिसते. एकच शिकणाऱ्यास ती दिसेलच असे नाही. या बाबतीत भारतीय अभ्यासक्रम अनेक प्रगत देशांच्या पुढे होता. उलट वाचकांच्या गरजांची पाहणी, लहान मुलांसाठी ग्रंथालयसेवा आणि प्रत्यक्ष ग्रंथालयात दीर्घकाळ उमेदवारी यांस अमेरिका व यूरोप येथे जे स्थान आहे, ते भारतात लेखी परीक्षेच्या प्राबल्यामुळे मिळू शकलेले नाही.

माहितीशास्त्राचा प्रभाव : दुसऱ्या महायुद्धानंतर वैज्ञानिक वाङ्मयाची वाढ व संगणकाचा प्रसार यांमुळे ‘माहितीशास्त्र’ ही शाखा पुढे आली. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाने १९७४ मध्ये आपल्या विद्यालयाच्या नावातून ‘ग्रंथालय’ हा शब्द वगळला. मिशिगन विद्यापीठाने १९९६ मध्ये तोच मार्ग धरला. २००५ पासून अशा विद्यालयांच्या परिषदा भरू लागल्या. त्यांच्या संघटनेत आज बर्लिनचे हुंबोल्ट, वूहान व त्सुकुबा या विद्यापीठांतील विभागही आहेत. या विद्यालयांतून विदासंग्रह, मानव–संगणक संबंध, माहितीनीती इ. विषय शिकविले जातात व त्यांचे पदवीधर ग्रंथालयाबाहेरही कामे मिळवितात. या बदलाचे समर्थक व्यवसायाचा विस्तार झाल्याचे सांगतात. टीकाकारांच्या मते ग्रंथालय हा गाभाच विरळ होत चालला आहे. भारतात पदव्यांच्या नावात ‘माहितीशास्त्र’ हा शब्द आला. परंतु नावाच्या मानाने अध्यापकवर्ग व साधने यांत बदल सर्वत्र सारखा झाला नाही.

समकक्षता व आंतरराष्ट्रीय प्रयत्न : ग्रंथालय शिक्षणाची जागतिक पाहणी जे. पेरियम डँटन यांनी युनेस्कोसाठी केली व ती १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. युनेस्कोने १९७० च्या दशकात ग्रंथपाल, पुराभिलेखपाल व प्रलेखक यांच्या प्रशिक्षणात मेळ घालण्याचा प्रयत्न केला. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय संघ महासंघाने १९७६ मध्ये ग्रंथालय विद्यालयांसाठी मानके प्रसिद्ध केली. त्यांच्या सुधारित आवृत्त्या २००० व २०१२ मध्ये निघाल्या व २०२२ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. ही मानके सल्लावजा आहेत. ती कोणत्याही देशावर बंधनकारक नाहीत. यूरोपमध्ये १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर पदव्यांची रचना बरीच सारखी झाली. तरीही एका देशाची पदवी दुसऱ्या देशात मान्य होईलच असे नाही. तौलनिक अभ्यासाचे व्यावहारिक मोल येथे दिसून येते : केवळ वर्षे मोजून समकक्षता ठरविली, तर फ्रान्समधील अठरा महिन्यांचे सवेतन प्रशिक्षण, ब्रिटनमधील एक वर्ष व भारतातील दोन वर्षे यांची तुलना दिशाभूल करणारी ठरते. प्रवेशापूर्वीचे शिक्षण, प्रात्यक्षिकाचा काळ, परीक्षेचे स्वरूप आणि पदवीनंतरची सनद ही सर्व एकत्र पाहावी लागतात.

या तुलनेवरून काही निष्कर्ष निघतात. कोणतीही एक पद्धती सर्व देशांना लागू पडत नाही. जपानमधील केओचा अनुभव हेच सांगतो. जेथे व्यवसायाने स्वतःच्या शिक्षणाची तपासणी स्वतः केली, तेथे किमान दर्जा टिकून राहिला. जेथे शासनाने शिक्षण व सेवा यांची सांगड घातली, तेथे शिकलेल्यांना काम व ग्रंथालयांना शिकलेले कर्मचारी मिळाले. भारतास पहिली गोष्ट व्यवसायाच्या संघटनेतून व दुसरी ग्रंथालय कायद्यांच्या अंमलबजावणीतून साधता येण्यासारखी आहे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांचा रोख ग्रंथांचा उपयोग व वाचकाचा वेळ यांवर आहे. पदवीचे नाव, तिची मुदत अथवा तिला मिळालेली परदेशी मान्यता यांपेक्षा, त्या पदवीमुळे वाचकाला हवा तो ग्रंथ वा हवी ती माहिती किती लवकर मिळू लागली, हीच ग्रंथालय शिक्षणाची अखेरची कसोटी होय.